एका दिवसाची लाह

गेल्या आठवड्यात शहाद्याच्या स्टँडवर धडगावच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि वाऱ्यावर मळीचा वास आला. आंबूस, गोडसर, घशाला चिकटून बसणारा. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी मात्र सवयीनं खोल श्वास घेतला आणि लगेच बोटांवर दिवस मोजले. कारखान्याचा बॉयलर पेटला तर! म्हणजे आठ-दहा दिवसांत आमच्या डोंगरात ऊसतोडीचे ट्रक चढणार, आणि पाड्यावरची घरं एकेक करून कडी घालून घेणार. माझ्या पिशवीत दिवाळीच्या उरलेल्या शेवेच्या पुडीखाली पंचायत समितीचं पत्र होतं. पटपडताळणी आहे. हजर मुलं वीसच्या आत भरली, तर शाळा खालच्या गावच्या शाळेत समायोजित होईल. समायोजित! काय गोड शब्द शोधून काढतात हे लोक. बंद म्हणायला जीभ जड होते त्यांची.

हाच वास माझ्या लहानपणी सणाचा होता. वडील पुरुषोत्तमनगरला कारखान्यात बॉयलरवर होते आणि आम्ही वसाहतीत राहत होतो. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे भोंगा व्हायचा, रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि आम्ही पोरी मागून हळूच एकेक ऊस ओढायचो. गाडीवान शिव्या घालायचा. ओठ सोलून निघेपर्यंत आम्ही ऊस खायचो. वसाहतीच्या पलीकडच्या माळावर ऊसतोड्यांच्या कोप्या पडायच्या, पाचटाच्या, कमरेएवढ्या उंच. तिथली एक पोरगी मला अजून आठवते. माझ्याच वयाची असेल. कडेवर बाळ घेऊन ती रोज आमच्या शाळेच्या वाटेवर उभी राहायची आणि माझ्या दप्तराकडे बघत बसायची. एक दिवस मी तिला जीभ काढून दाखवली. घरी येऊन आईला विचारलं, यांना शाळा नसते का गं? आई म्हणाली, "त्यास्ले काय करनी शे शाळा? डोंगरमातला लोके शेतस त्या. चाल, भाकर खाई ले." मी भाकर खाल्ली आणि विसरून गेले.

पुढं माझ्याच नशिबी तो डोंगर आला. डी.एड. होऊन घरी बसले होते. सातपुड्यातल्या एका पाड्यावर वस्तीशाळा मंजूर झाली होती. नियम असा की शिक्षक त्याच वस्तीतला पाहिजे. पण त्या पाड्यावर बारावी काय, चौथी झालेलं माणूस नव्हतं, म्हणून मला विचारलं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "येडी शे का तू? त्या डोंगरमा मानसं तरी शेतस का?" माणसं होती. पण गाव म्हणावं अशी दाटी नव्हती. या टेकडीवर एक घर, त्या टेकडीवर दुसरं, प्रत्येकाचं शेत प्रत्येकाच्या दाराशी. एका घरातून दुसऱ्या घरात हाक पोचायची, पण माणूस पोचायला अर्धा तास लागायचा. शाळा मागितली होती ती जात्र्या कारभाऱ्यानं. हा पाड्याचा म्होरक्या, पायात वहाण नाही, वयाचा पत्ता नाही. तीन पावसाळे तो धडगावला चालत जाऊन एकच वाक्य बोलून यायचा. "आमच्या पोरांना शाळा दे." साहेब असो की शिपाई, तो सगळ्यांना तू म्हणायचा. मलाही पहिल्याच दिवशी म्हणाला, "तू आली, बरं झालं. पळू नको फक्त."

पहिले चार महिने शाळा त्याच्या पडवीत भरली. अकरा मुलं, सात शेळ्या. बाराखडीचा तक्ता भिंतीला टांगला तर शेळीनं तो क पासून ढ पर्यंत खाल्ला. मी चिडून रडकुंडीला आले आणि कारभारी हसून म्हणाला, "तीच पहिली शिकली." मुलांना मराठी येत नव्हती, मला पावरी येत नव्हती. मी 'पाणी' म्हणायचे आणि पोरं माझ्या तोंडाकडं बघायची. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी ठरवायचे की उद्या पिशवी भरायची आणि खाली उतरायचं. पण उद्या सकाळी अकराच्या अकरा पोरं मी उठायच्या आत दारात येऊन बसलेली असायची. त्यांना टाकून जायला काळीज दगडाचं पाहिजे, ते काही माझ्याजवळ नव्हतं.

मग एके दिवशी शाळा उभी राहिली. एका दिवसात! खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी उठून पाहते तर चारी टेकड्यांवरून माणसं उतरत होती, बायामाणसं, पोरंटोरं, कुणाच्या खांद्यावर सागाचा खांब, कुणाच्या डोक्यावर बांबूची मोळी, कुणाकडं कौलं. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. दुपारपर्यंत खांब उभे राहिले, बांबूचे कुड बांधून झाले. बायांनी शेणामातीनं ते लिंपले, हातांचे ठसे तसेच ठेवून. कौलं मोठ्या माणसांपासून लहान पोरांपर्यंत हातोहात वर चढत गेली. कारभाऱ्याच्या घरून मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ आली, महूची दारूही आली, ती माझ्यापासून लपवून. सूर्य मावळायच्या आत माझ्या शाळेला छप्पर होतं. ओल्या मातीचा तो वास आजही नुसता आठवला तरी डोळ्यांत पाणी येतं. याला ते लोक लाह म्हणतात. एकाचं काम पडलं की सगळ्यांनी जायचं. मी धावत जाऊन अहवाल लिहिला. ग्रामस्थांच्या श्रमदानातून शाळागृह उभारले. केंद्रप्रमुखांनी सगळ्या बैठकीत तो वाचून दाखवला, माझं कौतुक झालं आणि मी फुगून गेले.

श्रमदान! एवढा एकच शब्द मी चुकीचा समजले, आणि त्याची किंमत मला फार उशिरा कळली. दान दिलं की विषय संपतो. लाह संपत नाही. ज्याच्या घरी लाह झाली, त्यानं पुढं प्रत्येकाच्या लाहेला जायचं असतं. एक दिवस दिला, एक दिवस घेतला. कोणी लिहून ठेवत नाही, कोणी मागत नाही आणि कोणी विसरतही नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला सांगतं का? आणि मी शहाणी, मी कशाला विचारू!

शाळा वाढली. वाढताना तिच्याकडं बघणं म्हणजे सुख होतं. अकराची चौदा, मग एकवीस, मग तीसच्या घरात. वस्तीशाळेची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा झाली. निळ्या अक्षरांची पाटी लागली, स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या. जुन्या बांबूच्या खोलीत खिचडी शिजायला लागली. माझी पोरं पावरीत भांडायची आणि मराठीत माफी मागायची. त्यातली एक झिनी, पलीकडच्या टेकडीवरच्या साजूबाईची पोर. बारीक, काळीसावळी, डोळे विंचवाच्या नांगीसारखे तेज. पाठीला धाकटा भाऊ बांधूनच ती शाळेत यायची. तो झोपला की वाचायची, उठला की उभी राहून झुलत झुलत वाचायची. पाढ्यात मी कुठं अडखळले तर सगळ्यांसमोर म्हणायची, "बाई, चुकली तू." असा राग यायचा! आणि असा आनंद व्हायचा, की काय सांगू.

पण दिवाळीच्या आगेमागे लाहेचे दिवस यायचे. ज्वारी काढणं, घरं शाकारणं, खळी सारवणं. पोरं शाळेला दांडी मारून लाहेला जायची. मी काय करायचे माहीत आहे? निरगुडीची फांदी हातात घेऊन पोरांना हाकलून आणायचे. साजूबाईचं घर शाकारत होते तेव्हा माझी सात-आठ पोरं कौलं देणाऱ्या रांगेत उभी होती. मी त्या रांगेतून एकेकाचा दंड धरून ओढलं. रांग तुटली. साजूबाई वर आढ्याजवळ बसलेली, तिचे दोन्ही हात कौलासाठी पुढं केलेले, ते तसेच राहिले. मी खालून ओरडले, "शाळा म्हणजे काय खेळ आहे काय तुमचा?" तिनं हात हळूच मागं घेतले. त्या वेळी मला वाटलं, ओशाळली असेल. किती मूर्ख असावं माणसानं!

आणि मग ते वर्ष आलं. झिनी तेव्हा चौथीत होती. तो सगळा हंगाम माझ्या अंगात काट्यासारखा मोडून बसलाय. पटपडताळणीचं पत्र असंच आलं होतं. पटावर सव्वीस नावं होती आणि त्या दिवशी निदान वीस पोरं समोर बसलेली पाहिजेत. नाहीतर शाळा खोऱ्यापलीकडच्या गावाला जोडणार. म्हणजे दोन ओढे आणि एक उभा उतार. पावसाळ्यात तिथून मोठी माणसं घसरतात, पहिलीतली पोरं काय जाणार? आणि पडताळणीच्या आदल्या दिवशी मुकादमाचा ट्रक येणार होता. सव्वीसमधल्या एकोणीस पोरांची घरं त्या ट्रकमधून ऊस तोडायला गुजरातेत जायची. खापर गावावरून हद्द ओलांडली की अर्ध्या दिवसाची वाट. दरवर्षी तेच शेत, तीच चिंच, तिच्याखाली त्याच कोप्या. होळीला सगळे परत यायचे. मी मध्येच एखादी फेरी मारून चार-दोन पोरं परत आणायचे. जवळ होतं ना, म्हणून जमायचं.

मी घरोघर हिंडले. चार दिवस. प्रत्येक घरी खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि मी हात जोडून म्हटलं, फक्त एक दिवस थांबा. पोरांना माझ्याजवळ ठेवा. प्रत्येकानं मान डोलावली, आणि कुणाच्याच मानेत हो नव्हतं. मला ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी साजूबाईच्या अंगणात मी अक्षरशः बसकण मारली. म्हटलं, "साजू, माझी शाळा जाईल गं." ती मका सोलत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "शाळेनं आमची लाह खाल्ली. आम्ही सगळे आलो होतो. तू कोणाच्या लाहेला आली?"

मी म्हटलं, "मी शिकवते ना तुमच्या पोरांना!"

"त्याचा तुला पगार आहे." कणीस टोपलीत टाकून ती म्हणाली. "माझं घर शाकारलं तेव्हा तू हात दिला नाही. होते ते हात घेऊन गेली."

कुणीतरी थोबाडीत मारावी तशी मी उठले. वाटेनं चालताना आधी राग आला, मग लाज वाटली, मग नुसती भीती. बारा वर्षं या माणसांत काढली होती मी! त्यांच्या अंगणातून रोज गेले, त्यांच्या पोरांचे शेंबूड पुसले, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला कुलूप लावलं. हजेरीवर लिहिलं, क्षेत्रभेट. पोरांना म्हटलं, चला. आणि साजूबाईच्या शेतात जाऊन ज्वारी कापायला उभी राहिले. उरलेल्या सहा दिवसांत सहा शेतं. मी कारखान्याच्या वसाहतीतली, विळा धरायला कुठला येतोय! बायका हसून बेजार. एक म्हातारी म्हणाली, "बाईचा विळा ज्वारीला गुदगुल्या करतो." तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. कुसळं मानेत गेली. दुपारी त्यांच्याबरोबर बांधावर बसून भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, आणि खरं सांगते, एवढी भीती पोटात असताना इतकी चवीची भाकर मी जन्मात खाल्ली नव्हती. झिनी माझ्या शेजारच्या ओळीत कापत होती. माझ्या दुप्पट वेगानं, पाठीला भाऊ बांधून. मध्येच मागं वळून म्हणायची, "बाई, चुकली तू. खालून काप." मी खालून कापायचे.

सहाव्या दिवशी उन्हं कलली तेव्हा जात्र्या कारभारी शाळेच्या पायरीवर येऊन बसला. माझे हात उलटे करून बघितले. मग म्हणाला, "फिटली थोडी. घरटी एक दिवस तुला." एवढंच. मी विचारलं, "आणि मुकादम?" त्यानं खांदे उडवले.

ट्रक आला. ठरलेल्या जागी, वळणावर, हॉर्न वाजवत. कोणी गाठोडं उचललं नाही. मुकादम आधी हसला, मग रागावला, मग आयमायवरून बोलला. म्हणाला, "उद्या म्हणजे उद्या. जागा भरल्या तर मला विचारायचं नाही." तेव्हा मी तिथंच उभी होते. मला ऐकू आलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत राहिले की मला कुठं काय माहीत होतं. माहीत होतं. पण वीसचा आकडा माझ्या डोक्यात बसला होता, दुसरं काही आत जायला जागाच नव्हती.

पडताळणीच्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस पोरं आली. अंघोळ केलेली, डोक्याला तेल चपचपलेलं. साहेबांनी बोट नाचवत मोजलं, पुन्हा मोजलं. झिनीला उभं करून धडा वाचायला लावला. तिनं तो असा वाचला, की साहेबांच्या बरोबरचा माणूस मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला. बिनदुधाचा चहा पिऊन साहेबांनी सही केली. म्हणाले, "शाबास बाई, लोकसहभाग चांगला आहे." मी दाराआड जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आनंदानं! देवाशपथ, आनंदानं. बाहेर कारभारी बसला होता, त्याच्या पायाला हात लावला तर त्यानं पाय मागं घेतला.

मुकादमाचा ट्रक त्याच दुपारी दुसऱ्या पाड्यावरची माणसं भरून निघून गेला. चिंचेखालच्या जागा भरल्या. आमची घरं वळणावर गाठोडी घेऊन तीन दिवस बसली. तीन दिवस मी शाळेच्या खिडकीतून ती गाठोडी बघत होते. स्वयंपाकाची भांडी, एक कोंबडी, गोधड्या, त्यावर बसलेली माझी पोरं. मधल्या सुट्टीत ती पळत शाळेत यायची, खिचडी खाऊन पुन्हा गाठोड्यावर जाऊन बसायची. चौथ्या दिवशी कुठून तरी दुसरा मुकादम आला. त्याचा ट्रक दक्षिणेला जाणारा होता, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. दोन दिवस, दोन रात्री. तिथली भाषा माहीत नाही, शेत माहीत नाही. पण घरात दाणा होता तेवढा होळीपर्यंत पुरणारा नव्हता. सगळे चढले. झिनी फळीवरून वाकून म्हणाली, "बाई, पुस्तक नेते मी." मी म्हटलं, ने. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वळणावरून गेला. तो आवाज कितीतरी वेळ खोऱ्यात घुमत होता. मी वर्गात आले, सात पोरं होती. शाळा वाचली होती.

होळीला ते आले नाहीत. होळी म्हणजे या डोंगराचा जीव. माणूस कुठंही असो, होळीला ढोलापाशी येतो. त्या वर्षी आमच्या पाड्याच्या होळीत ढोल वाजवायला माणसं उसनी आणावी लागली. पुढच्या पावसाळ्यातही आमची घरं आली नाहीत, तिथंच गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर ठेवून घेतलं त्यांना. आणि मी काय केलं? मी पट सांभाळला. झिनीचं नाव, बाकीच्यांची नावं, कोणतंच कमी केलं नाही. रोज सकाळी हजेरी उघडायची आणि नसलेल्या पोरांसमोर हजरची खूण करायची. चौथीची पाचवी करता आली नाही म्हणून तिला चौथीतच ठेवली. आधी खूण केली की हजेरी पटकन मिटायचे. मग नुसती सवय झाली.

दोन पावसाळे उलटल्यावर ती घरं परत आली, आणि एका सकाळी झिनी आली. उंच झाली होती, तळहात राठ झाले होते. पाठीवरचा भाऊ आता तिच्या शेजारी उभा होता. ती दारापर्यंत आली आणि जुन्या खोलीच्या खांबाला हात लावून थांबली. मी म्हटलं, "आत ये ना गं." ती म्हणाली, "मी आता कोयत्याला लागले, बाई." मग थोडं थांबून, "माझं नाव आहे अजून?"

"आहे."

"मग बरं." ती एवढंच म्हणाली, भावाला आत ढकललं आणि टेकडी चढून गेली. बोल लावला नाही, रडली नाही. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आयुष्यभर तिची ऋणी राहिले असते. त्या दिवशी मी हजेरीतून तिचं नाव कमी केलं. रेघ वाकडी गेली.

त्यानंतर एकही लाह मी चुकवली नाही. घर असो, शेत असो, विहीर असो. विळा आता बरा चालतो माझा. साजूबाईचं घर पुन्हा शाकारलं तेव्हा कौलांच्या रांगेत मी होते, आणि माझ्या पुढं-मागं माझी पोरं. साजूनं वरून हात पुढं केला आणि मी कौल दिलं. जात्र्या कारभारी गेला तेव्हा त्याच्यासाठी लाकडं वाहणाऱ्यांत मी होते. आई वारायच्या आधी म्हणायची, "आते तू पुरी डोंगरनी व्हई गयी." झाले असेन. पण डोंगराला विचारायला नको का?

तर असा हा हंगाम पुन्हा आला. वर्गाच्या खिडकीतून ज्वारीची वाळलेली ताटं दिसतात, सकाळी गार वारा सुटतो, तुरीच्या शेंगा भरतात. मी मात्र उठल्यासुटल्या पट मोजत बसते. पटावर आता बावीस नावं आहेत. उद्या पडताळणी, आणि ट्रक आज. जणू कुणीतरी वर बसून मुद्दाम तारखा जुळवतं.

काल झिनी आली होती. आता ती दोन लेकरांची आई आहे. मोठी पोर सहा वर्षांची, आमच्या पहिलीत. धाकटा वर्षाचा, आणि त्याला उसाच्या फडात कडेवर घ्यायला ही पहिलीतलीच पोर लागते, दुसरं कोण? झिनी पायरीवर बसली, तिथंच जिथं कारभारी बसला होता. म्हणाली, "बाई, तुझे लई दिवस पडलेत आमच्याकडं. चौदा वर्षांचे. सगळे विचारतात, दिवस मागणार का?"

काय सांगू तुम्हाला, माझ्या जिभेवर हो आलं होतं. पंचविशीतली होते, आले इथं. पन्नाशीला टेकले. ही शाळा म्हणजे माझं सगळं आहे, दुसरं काही मी केलं नाही, मला येतही नाही. खाली खोऱ्यापलीकडं पहिलीची पोरं जाणार नाहीत, घरी बसतील, मला ठाऊक आहे. आणि एक दिवस! फक्त एक दिवस मागायचा, आणि मिळणार होता. मी झिनीच्या हातांकडं बघितलं. कोयत्याचे घट्टे पडलेले हात, मांडीवर उलटे ठेवलेले.

"नाही," मी म्हटलं. "गाडी चुकवू नका."

"शाळा जाईल."

"जाईल."

तिनं मांडीवरचे हात पदराला पुसले. मग उठून गेली. मी तशीच बसून राहिले. मला वाटलं होतं, योग्य केल्यावर मनाला बरं वाटतं. छे! काही बरं वाटलं नाही. आतून नुसतं खरवडत होतं मला, आणि आत्ताही खरवडतंय.

आज सकाळी ट्रक आला. मी वळणावर गेले, गाठोडी वर द्यायला हात लावला. साजूबाईचे गुडघे गेल्यापासून ती फडावर जात नाही, ती काठी टेकत निरोपाला आली होती. सगळे चढले. झिनीनं धाकट्याला फडक्यानं पोटाशी बांधलं होतं, आणि मोठीचा हात माझ्या हातात दिला.

मी घाबरले. म्हटलं, "अगं, हिला कशाला? धाकट्याला कोण बघेल? आणि हिच्यानं काही आकडा पुरा व्हायचा नाही, नऊच होतात."

"मोजायला नाही ठेवत," झिनी म्हणाली. "शिकवायला ठेवते. झोपायला आजीकडं जाईल." आणि फळीवर पाय देऊन चढली. या वेळी मागं वळून बघितलं नाही तिनं.

वर्गात आले. फळ्यावर तारीख लिहिली. पट बावीस, हजर नऊ. उद्या साहेब येतील तेव्हाही हेच असेल. पोर पहिल्या रांगेत एकटीच बसली, पाटी मांडीवर धरून. रिकाम्या जागांकडं बघत होती.

"बाई, सगळे गेले. मग आज शाळा आहे?"

"आज आहे," मी म्हटलं. "पाटी काढ."